हळवे आणि गरवे

प्रतापनगरच्या चौकातून आमच्या घराकडे वळताना एक पिठाची चक्की लागते. चक्कीवाला दिवसभर गहू दळतो आणि संध्याकाळी शेवटी, जाळी झाडून घेतल्यावर, ज्वारी घेतो. गेल्या श्रावणात ज्वारीचा डबा घेऊन मी त्या शेवटच्या रांगेत उभा होतो. पुढे शेजारच्या गल्लीतल्या एक बाई होत्या. डॉक्टरांनी साखरेसाठी भाकर खायला सांगितली आहे, पण ज्वारीचा भाव गव्हाच्याही वर गेला आहे, असे गाऱ्हाणे त्यांनी सांगितले, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले, "सर, तुमची तर काटोलकडे शेती आहे म्हणे. मग जवारी विकत काहून आणता?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर सुचले नाही. मी शाळेत मुलांना इतिहास शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तरी आपल्याच वावरातून आपली भाकर कधी आणि कशी गेली, हे मला चार वाक्यांत सांगता येईना. हा लेख म्हणजे त्या बाईंना द्यायचे राहिलेले उत्तर आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्राची भाषा मला शिकलेली नाही, वाचून कमावलेली आहे. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आरंभ नावापासून करतो. संस्कृतात ज्वारीला 'यावनाल' असा शब्द आहे. त्यात 'यव' आहे, म्हणजे जव, ज्याचे आपण सातूचे पीठ करतो. आपल्या पूर्वजांनी जवाला केवढा मान दिला! अंगुळाचे माप जवाचे, होमातली आहुती जवाची, घटाखालच्या मातीतले अंकुरही अनेक घरी जवाचे. पण हा मानकरी विदर्भाच्या काळ्या जमिनीत रुजला नाही. रुजली ती त्याचे नाव मिरवणारी ज्वारी. ही नावाची सोयरीक मला आधी नुसती गंमत वाटली होती. पुढे वाचत गेलो तेव्हा दिसले की या दोन धान्यांचे नशीबही एकाच धाग्याने बांधलेले आहे. तो धागा दोन पदरी आहे. पीक किती दिवसांत येते हा एक पदर, आणि दाण्यात कस किती उतरतो हा दुसरा.

पहिल्या पदराला आपल्या भाषेत दोन सुंदर शब्द आहेत, हळवे आणि गरवे. लवकर येणारे ते हळवे, उशिरा येणारे ते गरवे. शहरात वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना हे शब्द समजावताना मी सांगतो की 'गरवे' म्हणजे आळशी नव्हे. आमच्या भागातली जुनी ज्वारी गरवी होती. मृगात पेरली की दहा-बारा फूट वाढायची, माणूस आत शिरला तर दिसेनासा व्हायचा. श्रावण-भादव्यात ती नुसती वाढे. कणसाचे नाव नसे. दसऱ्याच्या सुमारास निसवायची आणि मार्गशीर्षात कापणीला यायची. पाच महिने म्हणा ना. एवढा वेळ ती करत काय होती?

ती वाट पाहत होती. १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावर प्रयोग करून दाखवून दिले की पुष्कळ वनस्पती दिवसाची लांबी मोजतात. काही दिवस मोठा होण्याची वाट पाहतात, काही लहान होण्याची. आपली जुनी ज्वारी दुसऱ्या जातीची. पेरणी आठ दिवस पुढे गेली की मागे आली, याचा तिला फारसा फरक पडत नसे. दिवस आखडू लागला की पाऊस सरत आला, एवढा हिशेब तिच्या रक्तातच होता. दाणा भरायचा तो कोरड्या हवेत, थंडीत आणि जमिनीतल्या ओलीवर. शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी जी कणसे पावसातून वाचली तीच बियाण्याला ठेवली, आणि त्या निवडीतूनच हे शहाणपण दाण्यात मुरले.

पण गरव्या पिकात जोखीमही असते. पाऊस भादव्यातच पाठ फिरवून गेला तर पाच महिन्यांचे पीक उभ्या उभ्या वाळते. म्हणून हळव्याची ओढ जगभर आहे. थंड मुलखात तर ती जीवनमरणाची गोष्ट. स्वीडनमध्ये उन्हाळा चार दिवसांचा. तेवढ्यात जव पिकला नाही तर हिमात सापडायचा. तिथे ओके गुस्ताफसन नावाच्या शास्त्रज्ञाने जवाच्या बियांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या संततीत होणारे बदल वर्षानुवर्षे तपासले. 'बोनस' नावाच्या वाणातून त्यांना एक लवकर येणारा जव मिळाला, आणि १९६० च्या सुमारास 'मारी' या नावाने तो शेतकऱ्यांच्या हाती गेला. पुढे २०१२ साली संशोधकांनी त्याचे मर्म उलगडले. वनस्पतीच्या पोटात दिवस-रात्रीचे भान ठेवणारे जे घड्याळ असते, त्याचाच एक भाग या जवात नादुरुस्त झाला होता. दिवस लहान की मोठा हे न पाहताच तो फुलोऱ्यावर येत असे. थोडक्यात, सूर्याकडे पाहायचे विसरलेले ते पीक. स्वीडनला ते विसरणे फळले.

आता आपल्याकडे या. १९५४ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी ज्वारीचा संकर मोठ्या प्रमाणावर करण्याची युक्ती शोधली. ज्वारीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे लाखो कणसांचा संकर हाताने करणे अशक्य. ज्यांचे पराग वांझ आहेत अशी झाडे त्यांनी सिद्ध केली, म्हणजे शेजारच्या ओळीतले दुसऱ्या वाणाचे पराग त्यांच्यावर आपसूक पडावेत. अशाच एका अमेरिकन मादी वाणाचा आधार घेऊन भारतात पहिली संकरित ज्वारी तयार झाली, आणि १९६४ साली 'सीएसएच-१' या नावाने प्रसारित झाली. कमरे-छातीइतकी उंची, भरगच्च कणीस आणि शंभर दिवसांत कापणी. जुन्या ज्वारीशी तिचे एका गोष्टीत मुळीच जमत नव्हते. दिवसाच्या लांबीकडे ती जवळपास पाहतच नसे. पेरल्यापासून आपले दिवस मोजायची आणि भरले की निसवायची.

त्या काळाला नावे ठेवणे सोपे आहे, आणि मी ते करणार नाही. १९६५-६६ ला पाऊस बुडाला होता. जहाजांतून अमेरिकेचे धान्य यायचे तेव्हा देशाचे पोट भरायचे. त्यात लाल मिलोही असे. ती लाल ज्वारी रेशनच्या रांगेत उभे राहून आणलेली माणसे आजही आहेत. मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदचे, शेतकऱ्याच्या घरातले. दोन वर्षांत राज्य अन्नात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे ते पुण्यात शनिवारवाड्यासमोर बोलल्याची आठवण सांगतात. अशा वेळी जे बियाणे एका एकरात दुप्पट-तिप्पट दाणा देते, ते कोण नाकारील? १९७२ च्या दुष्काळात आमचे आबाजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेले होते. परत येऊन त्यांनी हायब्रीड पेरली. ती पेरली म्हणून घरातली पाच पोरे जगली, असे ते मरेपर्यंत म्हणत. त्या पाचांतले एक माझे वडील.

परंतु आपल्या मुलखातला पाऊस टेक्सासच्या पावसासारखा वागत नाही. मृगात पेरलेली शंभर दिवसांची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पक्व होते, आणि नागपूरकडचा पाऊस ऑक्टोबर उजाडला तरी पुरता गेलेला नसतो. भरलेल्या, मऊ दाण्यावर आठ दिवस झड बसली की बुरशी धरते. दाणा आधी गुलाबी, मग राखी, मग काळा. पुढच्या काळात 'सीएसएच-५', 'सीएसएच-९' असे अधिक सरस संकर आले, पण दाणे काळे पडण्याचे दुखणे काही हटले नाही. कडबा आखूड झाला तो वेगळाच. शेतकऱ्याची ज्वारी म्हणजे अर्धी माणसांची आणि अर्धी बैलांची असते. त्यातला बैलांचा वाटा कमी झाला, हे उत्पन्नाच्या तक्त्यात कुठे लिहिले गेले नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दसऱ्याला पावसाची झड लागली होती. आठवड्याने कणसे घरी आली ती शाई सांडल्यासारखी. आजीने ती पाखडली, धुतली, वाळवली, पुन्हा पाखडली. त्या पिठाची भाकर थापताना तडकत होती, आणि तव्यावरून उतरली ती राखेच्या रंगाची. मी पहिला घास घेतला आणि विचारले, "आजी, भाकर कडू काहून लागते?" आजी काही बोलली नाही. आबाजींनी आपल्या ताटातली भाकर मुकाट्याने संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "पेरणाऱ्याले घाई, पिकाले घाई. पाण्याले कुठं घाई आहे?"

तेव्हा मला ते म्हाताऱ्याचे पुटपुटणे वाटले. आज वाटते की सूर्याकडे पाहायला विसरलेल्या पिकाचा सारा इतिहास त्या एका वाक्यात होता.

आता दुसरा पदर, कसाचा. प्रथिन म्हणजे वीसेक प्रकारच्या मण्यांची माळ समजा. एका रंगाचे मणी संपले की बाकीचे कितीही उरले तरी ओवणे तिथेच थांबते. ज्वारीत प्रथिन दहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तसे कमी नाही. पण त्यात लायसीन नावाचा मणी फार थोडा. शिवाय ल्युसीन नावाचा दुसरा मणी नको तेवढा. १९६० साली हैदराबादच्या पोषण-प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावरच्या गरिबांत दिसणाऱ्या पेलाग्रा या रोगाचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीनशी जोडला. या रोगात उन्हाने उघडी कातडी काळवंडते, पोट बिघडते, मन भ्रमते. त्यांच्या तर्कावर पुढे मतभेद झाले, पण कोणाला हा रोग होतो यावर मतभेद नव्हते. ज्याच्या ताटात ज्वारीशिवाय दुसरे काही पडत नाही, त्याला.

साऱ्या जगातच तेव्हा प्रथिनांचा शोध चालला होता. १९६४ साली अमेरिकेत लायसीनने समृद्ध असा मका सापडला. १९७० साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या जवांच्या संग्रहातून 'हायप्रोली' नावाचा जव पुढे आणला. मूळचा इथियोपियाचा, प्रथिनही जास्त आणि लायसीनही जास्त. आणि १९७३ साली सिंग आणि अॅक्स्टेल यांनी हजारो वाण तपासून तशाच ज्वारीचे दोन वाण काढले. तेही इथियोपियाचेच. साध्या ज्वारीच्या शंभर ग्रॅम प्रथिनात लायसीन दोन ग्रॅमच्या आसपास, तर या वाणांत तीन ग्रॅमच्या वर.

यातली खरी गोष्ट मात्र प्रयोगशाळेच्या बाहेरची आहे. हे वाण तिथल्या शेतकऱ्यांना आधीपासून ठाऊक होते. इतर ज्वारीत मिसळून ते त्यांची थोडी थोडी झाडे राखत, आणि कणीस कोवळे असतानाच भाजून खात. त्यातल्या एकाच्या नावाचा अर्थ 'माझ्या तोंडात दूध' असा होतो. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. अहो, हा तर आपला हुरडा! आमच्याकडे धुऱ्यालगत 'वाणी' ज्वारीचे चार तास निराळे राखलेले असत. मार्गशीर्षातल्या सकाळी गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि चटणीशी खायची. समुद्रापलीकडच्या त्या शेतकऱ्याने आणि आमच्या आबाजींनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. पण जिभेला गोड लागते ते बियाणे मोडू द्यायचे नाही, एवढे दोघांनाही कळत होते.

त्या समृद्ध वाणांचे पुढे काय झाले? जवाचे काय, ज्वारीचे काय, दाणा सुरकुतलेला निघाला आणि उत्पन्न घटले. दाण्यात पीठ भरगच्च भरले की प्रथिनाचा वाटा उतरतो, कस चढला की दाणा सुकतो. हे कोडे सोडवायला शास्त्रज्ञांची आयुष्ये गेली. आमच्या घरी मात्र ते कोडे कधी पडलेच नव्हते. ज्वारीच्या वावरात दर काही ओळींनी तुरीचे तास असे, मधून मूग-उडीद. ज्वारीत जो मणी उणा, तो तुरीत भरपूर. तुरीत जो उणा, तो ज्वारीत. ताटात भाकर आणि वरण एकत्र आले की माळ पुरी होई. हे कोणी मोजून ठरवले नव्हते. पण शेतात जे शेजारी होते तेच ताटातही शेजारी होते, आणि एकाला शेतातून उठवले की दुसऱ्याची जागाही हलते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायचे मी इतका वेळ टाळले.

१९९५ साल. मी नववीत होतो. आदल्या हंगामात ज्वारी पुन्हा काळी पडली होती आणि व्यापाऱ्याने ती कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने मागितली होती. उन्हाळ्यात बाबांनी कुठूनसे एक छापील पत्रक आणले. त्यांना वाचता येत होते, पण छापलेले काही घरात आले की ते मीच सर्वांना वाचून दाखवावे, ही त्यांची हौस. ओसरीवर कंदिलाशी बसून मी खड्या आवाजात वाचले: सोयाबीन, शंभर दिवसांच्या आत पीक, प्रथिने चाळीस टक्के. चाळीस टक्के! शाळेच्या पुस्तकात नुकताच 'समतोल आहार' हा धडा झाला होता. मी बाबांना समजावून सांगितले की प्रथिन म्हणजे काय, ते ज्वारीत किती आणि यात किती. आजीने विचारले, "याची भाकर होते काय रे?" मी हसलो. चाळीस टक्के प्रथिन असताना भाकरीचे काय घेऊन बसलीस, असेच काहीसे मी म्हणालो असेन. त्या मृगात आमच्या सात एकरांतल्या पाच एकरांवर सोयाबीन पडले. चार-पाच वर्षांत उरलेल्या दोनांवरही.

माझी माहिती खोटी नव्हती. सोयाबीनमध्ये प्रथिन चाळीस टक्के असते, आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा 'जेएस-३३५' हा वाण खरोखरच शंभर दिवसांच्या आत येत होता. दिवाळीच्या आधी रोकड हातात येई; त्याच रोकडीतून माझी मॅट्रिकची फी भरली गेली, बहिणीचे लग्न झाले. मी एवढेच विसरलो की ते आमच्या घरी कोणी खाणार नव्हते. त्याची डाळ तुरीसारखी शिजत नाही, वासही सोसत नाही. पोती खळ्यावरून थेट बाजारात जात, तिथून तेलाच्या गिरणीत. तेल काढल्यावर उरलेली पेंड, ज्यात ते सारे प्रथिन असे, दूरदेशीच्या कोंबड्या-डुकरांच्या वाट्याला. ज्या शिवारात प्रथिन चौपट पिकू लागले, त्याच शिवारातल्या ताटातली भाकर गेली. आणि तिच्या ओळीतली तूर कमी झाली म्हणून वरणही पातळ झाले. घरातली कणगी रिकामी पडली, तेव्हा आजीने ती सारवून ठेवली होती. ती पुन्हा भरली नाही.

हे एकट्या आमच्या घरचे नाही. एके काळी महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आज तिचा थोडाच हिस्सा राहिला आहे, आणि विदर्भातली खरिपाची ज्वारी तर शोधावी लागते. १९०६ पासून नागपूरच्या महाराजबागेशेजारी उभ्या असलेल्या कृषी महाविद्यालयावरून जाताना मला नेहमी वाटते की इथल्या माणसांनी काही वाईट चिंतले नव्हते. दिवस कमी करा, दाणा वाढवा, कस वाढवा. प्रत्येक मागणी रास्त होती. चूक असलीच तर ती मोजण्यात आहे. दिवस मोजताना पाऊस मोजायचा राहिला, आणि टक्के मोजताना ताट मोजायचे राहिले. मोजणाऱ्यांत मीही होतो.

आता सोयाबीनवरही तीच वेळ आली आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात कापून ठेवलेल्या गंजी पावसात भिजल्या आणि शेंगांतच कोंब फुटले. बाबा बांधावर उभे राहून ते पाहत होते. आबाजींचे वाक्य त्यांना आठवले की नाही, ते मी विचारले नाही.

चक्कीवरच्या त्या प्रश्नानंतर एका रविवारी मी गावी गेलो. बाबा सत्तरीच्या पुढे आहेत. म्हटले, "पुढल्या मृगात गरवी जवारी पेरू." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेर ना. पण एकट्याच्या जवारीवर साऱ्या शिवाराची पाखरं येतात. सगळ्यांची जवारी होती तवा पाखरायचा वाटा सगळ्यायले पडे. आता तो तुलेच द्या लागन."

मला वाटते, त्या बाईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे. बियाणे मिळते, माझ्या आईच्या माहेरी अजून एका घरी गरवी ज्वारी आहे, तिथून मी दोन किलो आणली. शास्त्रही मिळते. मिळत नाही तो शेजार, शेतातला आणि शिवारातला.

तरीही या मृगात आम्ही अर्धा एकर पेरली, आणि मध्ये तुरीचे तास धरले. धुऱ्यावरची वाणी तर बाबांनी कधी मोडलीच नव्हती. भादव्यात जाऊन पाहिले तेव्हा ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली होती आणि कणसाचा पत्ता नव्हता. पाऊस पडत होता. ती उभी होती. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ती निसवून दाणा दुधात आला असेल. दर रविवारी पहाटेच्या गाडीने मी काटोलला जातो. गोफण मला नीट फिरवता येत नाही; बाबा मचाणावरून हसतात, आणि पाखरे त्यांचा वाटा घेऊन जातात.